चौकटीतले बिंदू : ‘रेंज सर्चिंग’ या प्रश्नाचा इतिहास

#इतिहास #संगणकशास्त्र #धागा

१/
नकाशाच्या ॲपवर एखादा भाग मोठा करून आपण ‘औषधांची दुकाने’ असा शोध घेतो आणि पडद्याच्या चौकटीत बसणारी दुकाने क्षणार्धात समोर येतात. साठ्यात कोट्यवधी ठिकाणे असतात, आणि त्याच क्षणी लाखो लोक आपापली चौकट घेऊन विचारत असतात. प्रत्येक वेळी प्रत्येक ठिकाण तपासणे परवडणारे नाही. मग बाकीची ठिकाणे न तपासता वगळली जातात ती कशी? त्या वगळण्याचा इतिहास आज पाहू.

२/
संगणकीय भूमितीत या प्रश्नाला ‘रेंज सर्चिंग’ म्हणतात. पुष्कळ बिंदू आधीच हाती आहेत आणि त्यांची हवी तशी मांडणी करून ठेवायला सवड आहे. पुढे कोणी एक आयत घेऊन येईल आणि विचारील, ‘यात कोणते बिंदू पडतात?’ तो आयत कोणता असेल हे आज ठाऊक नाही. अशा अज्ञात प्रश्नासाठी पूर्वतयारी कशी करावी, हा खरा विषय.

३/
बिंदू म्हणजे नकाशावरचेच ठिकाण असे नव्हे. वय हा एक अक्ष आणि उत्पन्न हा दुसरा अक्ष मानला, तर प्रत्येक माणूस कागदावरचा एक बिंदू होतो. ‘वय २० ते ३०, मासिक उत्पन्न १५ ते २५ हजार’ ही अट म्हणजे एक आयत. तिसरी अट जोडली की आयताची पेटी होते. म्हणजे जनगणनेचा अधिकारी नकळत भूमितीचाच प्रश्न विचारत असतो.

४/
उत्तरेही दोन प्रकारची असतात. ‘किती?’ हा मोजणीचा प्रश्न. ‘कोण कोण?’ हा यादीचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर एक आकडा, दुसऱ्याचे उत्तर नावांची रांग. शास्त्रात हे दोन प्रश्न वेगळे अभ्यासले जातात. हा फरक ध्यानात असू द्यावा, कारण धाग्याच्या शेवटी इतिहासाच्या अभ्यासकाला तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

५/
आरंभ १८९० च्या अमेरिकी जनगणनेपासून करू. १८८० च्या जनगणनेचे कोष्टकीकरण हाताने करताना सात-आठ वर्षे गेली होती. लोकसंख्या वाढत होती, प्रश्नही वाढत होते. त्याच कार्यालयात काम केलेल्या हर्मन हॉलरिथ यांनी यावर यंत्र काढले. १८८९ च्या जानेवारीत त्यांना पेटंट मिळाले आणि १८९० च्या गणनेत ते यंत्र वापरले गेले.

६/
प्रत्येक माणसामागे एक पत्ता. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय यांसाठी त्यावर ठरावीक जागी भोके. पत्ता यंत्रात ठेवून दांडा दाबला की भोकांतून सुया खाली पाऱ्याच्या वाट्यांत बुडत, विद्युतमंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा आकडा एकाने पुढे सरके. तारांची जोडणी बदलून ‘अमुक वयाचे आणि तमुक ठिकाणी जन्मलेले’ अशी जोडअटही मोजता येई.

७/
सुमारे ६ कोटी २६ लाख लोकसंख्येची ही गणना होती. यंत्राने वेग दिला, पण पद्धत जुनीच राहिली. नवा प्रश्न आला की पत्त्यांचे गठ्ठे पुन्हा यंत्रातून न्यायचे. उत्तर दहा माणसांचे असो वा दहा लाखांचे, कष्ट एकूण पत्त्यांच्या संख्येइतकेच. हॉलरिथ यांनी प्रत्येक पत्ता झटपट तपासला. पत्ते तपासलेच जाऊ नयेत, ही कल्पना अजून यायची होती.

८/
खरे तर एका अक्षापुरती ती फार जुनी आहे. मेसोपोटेमियातील उरूक येथे इ.स.पू. २०० च्या सुमारास इनाकिबित-अनू नावाच्या लेखकाने मातीच्या पाटीवर संख्यांचे व्यस्तांक क्रमाने लिहून ठेवले. ओळीने लावलेल्या यादीत हवी ती नोंद शोधताना सगळी पाटी वाचावी लागत नाही. क्रम लावण्याचे कष्ट लिहिणाऱ्याने एकदाच घ्यायचे, त्याचा लाभ वाचणाऱ्याला दर वेळी मिळतो.

९/
संगणकाच्या युगात याला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. तिचा पहिला छापील उल्लेख जॉन मॉकली यांच्या १९४६ च्या व्याख्यानांत सापडतो. यादीच्या मधोमध पाहायचे, निम्मी टाकून द्यायची, उरलेल्या निम्म्यात पुन्हा तेच. १०० कोटी नोंदी असल्या तरी सुमारे ३० तुलनांत काम होते. ‘वय २० ते ३०’ अशी अट असेल तर २० वर पोहोचायचे आणि ३० संपेपर्यंत वाचत जायचे.

१०/
नव्या नोंदी येत-जात राहिल्या तर क्रम कसा टिकवायचा? १९६२ मध्ये सोव्हिएत गणिती अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी स्वतःचा तोल सांभाळणारी वृक्षरचना दिली. १९७० च्या सुमारास बायर आणि मॅक्राइट यांनी चुंबकीय डिस्कवरील मोठ्या साठ्यांसाठी बी-ट्री दिली. एका अक्षापुरता प्रश्न सुटल्यात जमा होता.

११/
दुसरा अक्ष आला आणि सारे कोलमडले. जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवा. आडनावावरून नंबर चटकन मिळे. पण ‘अमुक गल्लीत राहणारे सगळे’ शोधायचे तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यावाचून गत्यंतर नसे. माहिती तीच, कागद तोच. मांडणी एका प्रश्नाला अनुकूल, म्हणून दुसऱ्याला प्रतिकूल.

१२/
१९७३ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा तिसरा खंड प्रसिद्ध झाला. क्रम लावणे आणि शोधणे या विषयांचा तो कोशच होता. त्याच्या अखेरच्या भागात अनेक अटींच्या शोधाची चर्चा आहे. तोवर एका अटीच्या शोधासाठी जशी सुबक रचना उपलब्ध होती, तशी आयताच्या शोधासाठी नव्हती. तरुण संशोधकांसाठी ही मोकळी जागा होती.

१३/
सहज सुचणारा उपाय म्हणजे कागदावर सारख्या मापाचे चौकोन आखणे. बिंदू आपापल्या चौकोनात टाकायचे आणि आयताला स्पर्श करणारे चौकोनच उघडायचे. बिंदू सर्वत्र सारखे विखुरलेले असतील तर हे उत्तम चालते. पण वस्ती तशी नसते. महानगराचा एक चौकोन ओसंडून वाहतो आणि वाळवंटातले हजार चौकोन रिकामे राहतात.

१४/
१९७४ मध्ये राफाएल फिंकल आणि जॉन बेंटली यांनी ‘क्वाड ट्री’ मांडली. येथे चौकोन आधी आखायचे नाहीत. एक बिंदू घ्यायचा, त्यातून एक उभी आणि एक आडवी रेषा काढायची, चार भाग पडतात. प्रत्येक भागात पुन्हा तसेच. दाट वस्तीत भाग बारीक होत जातात, विरळ भागात मोठे राहतात. मांडणी आता वस्तीला अनुसरू लागली.

१५/
तीन अक्ष घेतले तर मात्र दर वेळी ८ भाग होतात, दहा अक्षांना १०२४. यावर बेंटली यांचा उपाय १९७५ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला, तो म्हणजे ‘के-डी ट्री’. के म्हणजे अक्षांची संख्या. १९५३ साली जन्मलेल्या बेंटली यांनी हे काम स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत असताना केले. आज हा धागा वाचणाऱ्या अनेकांचे वय तेवढेच असेल.

१६/
युक्ती अशी : एका वेळी एकाच अक्षाला हात लावायचा. आधी सर्व बिंदूंचे वयानुसार दोन समान गट करायचे. मग प्रत्येक गटाचे उत्पन्नानुसार दोन. मग पुन्हा वय, पुन्हा उत्पन्न. अक्ष कितीही असोत, दर पायरीला दोनच भाग. प्रत्येक बिंदू रचनेत एकदाच येतो, त्यामुळे जागाही जवळपास मूळ यादीइतकीच लागते.

१७/
आता आयत आला. प्रत्येक भागाबाबत तीन शक्यता. भाग आयताच्या पूर्ण बाहेर असेल तर तो आतल्या सर्व बिंदूंसह सोडून द्यायचा. पूर्ण आत असेल तर काहीही न तपासता सगळे बिंदू उत्तरात घ्यायचे. अर्धवट असेल तरच आत उतरायचे. म्हणजे खरे कष्ट आयताच्या आत वा बाहेर पडत नाहीत. ते त्याच्या कडांवर पडतात.

१८/
कडांवरचे कष्ट किती? १९७७ मध्ये डी. टी. ली आणि सी. के. वाँग यांनी याचा निर्णायक हिशोब दिला. एक उभी कड घ्या. दर दोन पायऱ्यांनी एका भागाचे चार होतात, पण त्यांतल्या दोघांनाच ती छेदते. भाग चौपट होतात तेव्हा कष्ट दुप्पट होतात. म्हणजे कष्ट बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतात. १०० कोटींचे वर्गमूळ सुमारे ३१,६००. सगळे तपासण्याच्या तुलनेत हे नगण्य, पण एका अक्षाच्या ३० पावलांपासून फार दूर.

१९/
ही दरी भरून निघाली ती ‘रेंज ट्री’ने. मुख्य रचना वयानुसार. तिच्यातील प्रत्येक गटाजवळ त्याच गटातील माणसांची आणखी एक यादी ठेवायची, ती मात्र उत्पन्नाच्या क्रमाने. ‘वय २० ते ३०’ हा पट्टा मग मोजक्या तयार गटांनी भरून काढता येतो. १०० कोटींच्या साठ्यात असे फार तर साठेक गट लागतात. प्रत्येकात उत्पन्नाची यादी क्रमाने तयारच असते. तिथे पुन्हा बायनरी सर्च.

२०/
दोन हजारांहून कमी पावलांत काम झाले. पण किंमत पाहा. प्रत्येक माणूस आता एकाच ठिकाणी नाही. तो ज्या ज्या गटात येतो, त्या प्रत्येक गटाच्या यादीत त्याची नोंद आहे. सुमारे ३० पातळ्या म्हणजे ३० नोंदी. १०० कोटींचा साठा ३ हजार कोटी नोंदींचा झाला. वेळ वाचला, तो जागा देऊन विकत घेतला.

२१/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. रेंज ट्रीचा जनक कोण? १९७८ ते १९८० या काळात बेंटली, जॉर्ज ल्यूकर, डॅन विलर्ड, तसेच ली आणि वाँग यांच्या लेखनात ही रचना किंवा तिची भावंडे दिसतात, आणि बरेचसे काम एकमेकांपासून स्वतंत्र होते. क्नूथचा ग्रंथ सर्वांच्या टेबलावर होता, वृक्षरचना सर्वांना अवगत होत्या, माहितीसाठे वाढत होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६१ मध्ये दाखवले होते की एकाच वेळी अनेकांना लागणारे शोध अपवाद नसून नेहमीची रीत आहेत.

२२/
पुढची सुधारणा फार सुंदर आहे. साठ गटांत साठ वेळा ‘१५ हजार’ कुठे आहे हे नव्याने का शोधावे? या याद्या एकमेकींच्या पोटयाद्याच आहेत. वरच्या यादीत जागा सापडली की तिथूनच खालच्या यादीतील जागेकडे बोट दाखवणारी खूण आधीच ठेवून द्यायची. रेंज ट्रीसाठी विलर्ड आणि ल्यूकर यांनी ही वाट दाखवली. १९८६ मध्ये बर्नार शाझेल आणि लिओनिडास गिबास यांनी ‘फ्रॅक्शनल कॅस्केडिंग’ या नावाने तिचे व्यापक तंत्र केले. एकदा शोधायचे, मग केवळ खुणांमागे जायचे.

२३/
आता प्रश्न उलटा झाला. वेळ आटोक्यात आला, पण जागा वाचवता येईल का? मूळ यादीइतक्याच जागेत इतकेच जलद उत्तर देणारी रचना कोणाला सापडली नव्हती. ‘अजून सापडली नाही’ आणि ‘सापडणे शक्यच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले अनुभवाने सांगता येते. दुसऱ्याला सिद्धता लागते, आणि तीही आजवर कोणी न सुचवलेल्या रचनांसकट सर्वांना लागू पडणारी.

२४/
१९८१ मध्ये मायकेल फ्रेडमन यांनी नोंदी सतत बदलत राहणाऱ्या साठ्यांसाठी अशी एक खालची मर्यादा सिद्ध केली. १९९० मध्ये शाझेल यांनी यादीच्या प्रश्नाबाबत निर्णय दिला : खुणांमागून खुणा शोधत जाणाऱ्या कोणत्याही रचनेला जलद उत्तर द्यायचे असेल, तर दोन अक्षांतही मूळ साठ्याहून अधिक जागा द्यावीच लागते. जादा पट किती तेही ठरले. बिंदूसंख्येच्या लॉगरिदमला त्याच्याच लॉगरिदमने भागून जे येते, त्या प्रमाणात. इतक्याच जागेत काम भागवणारी रचना स्वतः शाझेल यांनी १९८६ मध्येच दिली होती. खालची आणि वरची मर्यादा एकमेकींना भिडल्या.

२५/
अक्ष वाढले की मात्र सारेच जड होते. के-डी ट्रीच्या हिशोबाने १०० कोटी बिंदूंना तीन अक्षांत १० लाखांच्या घरातले कष्ट पडतात. दहा अक्षांत तोच आकडा १२ कोटींच्या वर जातो, आणि त्यावर स्थिरांकाची पट वेगळीच. मग सरळ सगळे वाचून काढणेच बरे. अक्षांच्या संख्येबरोबर उसळणाऱ्या या अडचणीला रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात ‘मितींचा शाप’ अशा अर्थाचे नाव दिले होते.

२६/
नुसती ‘किती?’ एवढीच विचारणा असेल तर एक खास सवलत मिळते, ती म्हणजे वजाबाकी. कागदाच्या एका कोपऱ्यापासून प्रत्येक चौकोनापर्यंतची बेरीज आधी करून ठेवली, तर कोणत्याही आयताचे उत्तर चार आकड्यांतून निघते. एक घ्या, दोन वजा करा, दोनदा वजा झालेला कोपरा परत मिळवा. फ्रँक्लिन क्रो यांनी १९८४ मध्ये संगणकीय चित्रांसाठी हे वापरले. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी याच युक्तीने छायाचित्रातील चेहरे वेगाने ओळखून दाखवले. मात्र वजाबाकीने आकडा मिळतो, नावे मिळत नाहीत.

२७/
प्रत्यक्ष व्यवहारात काय टिकले? १९८४ मध्ये बर्कलीच्या अँटोनिन गटमन यांनी ‘आर-ट्री’ मांडली. जवळजवळच्या वस्तूंना एका चौकटीत बांधायचे, त्या चौकटींना आणखी मोठ्या चौकटीत. चौकटी एकमेकींवर चढू शकतात, त्यामुळे वाईटात वाईट प्रसंगी वेगाची हमी नाही. तरीही ती डिस्कला सोयीची आणि खऱ्या नकाशांवर चांगली चालणारी. पोस्टजीआयएससारख्या नकाशांच्या माहितीसाठ्यांत आजही तिचेच तत्त्व वापरले जाते.

२८/
आता पुन्हा १८९० च्या जनगणनेकडे. तिचे कोष्टकांचे खंड छापले गेले, ते आजही वाचता येतात. पण घरोघरी भरलेल्या मूळ याद्यांचे काय झाले? १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टन येथील वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. बराच भाग जळाला, बराच पाण्याने आणि धुराने खराब झाला. उरलेले पुढे निरुपयोगी ठरवण्यात आले आणि २१ फेब्रुवारी १९३३ रोजी अमेरिकी काँग्रेसने नाशाला मंजुरी दिली. त्याच्या आदल्याच दिवशी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली होती.

२९/
६ कोटींहून अधिक माणसांपैकी आज जेमतेम ६ हजारांच्या आसपास व्यक्तींच्या मूळ नोंदी उरल्या आहेत. म्हणजे १८९० च्या कोष्टकांना आज आपण ‘किती?’ असे विचारू शकतो, आणि तेही त्या काळच्या अधिकाऱ्यांनी आखलेल्या रकान्यांपुरतेच. ‘कोण कोण?’ हा प्रश्न जवळपास कायमचा बंद झाला. त्यांना न सुचलेला एखादा नवा आयत आज आपल्याला सुचला, तरी तो ठेवायला आता खाली बिंदूच नाहीत.

३०/
बेंटली, ली, शाझेल यांच्या साऱ्या खटाटोपामागे एक गृहीत आहे : उद्याचा प्रश्न आज ठाऊक नाही, म्हणून बिंदू टाकून द्यायचे नाहीत. ते नव्याने मांडायचे, प्रसंगी ३० ठिकाणी लिहायचे. जागेच्या रूपाने मोजलेली ती किंमत या न विचारलेल्या प्रश्नासाठी असते. अभिलेखागारात सूची करणारा, दप्तरांना क्रमांक देणारा आणि ‘कोष्टक तयार झाले, आता मूळ कागद कशाला?’ असे म्हणणारा, यांच्यापैकी प्रत्येक जण पुढच्या पिढीला कोणता प्रश्न परवडेल हे ठरवत असतो.

३१/
तेव्हा पुढच्या वेळी एखादे जुने कोष्टक हाती आले, तर आकडे वाचण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. अक्ष कोणी निवडले? आणि त्या आकड्यामागची यादी अजून कुठे आहे का? असेल तर ती जपण्यासाठी आवाज उठवावा. शंका असतील तर खाली अवश्य विचाराव्यात, आणि उपयुक्त वाटल्यास इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवावा.